ओरखडा, टवका, पोचा आणि तडा

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



तांब्याला पोचा येतो, कपाचा टवका उडतो, पाटावर ओरखडा उमटतो आणि माठाला तडा जातो. आपल्या आजीने या चार गोष्टींची कधी गल्लत केली नसती, कारण चारांवरचे उपाय वेगळे होते. पोचा काढायला कासार, माठाला तडा गेला की त्यात तुळस, टवका उडालेला कप पाहुण्यांसमोर आणायचा नाही आणि पाटावरच्या ओरखड्याकडे कुणी बघायचंच नाही. आता मात्र घरातली कुठलीही वस्तू जरा खरचटली की आपण ‘डॅमेज झालं’ एवढं म्हणून मोकळे होतो. एकच शब्द झाल्यामुळे उपायही एकच उरला आहे, तो म्हणजे नवीन घेणं.

मी रत्नागिरीत गेली बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान चालवतो. माझ्याकडे येणारे बरेच लॅपटॉप आतून ठणठणीत असतात. मालकाची तक्रार बाहेरची असते. कोपऱ्याचा रंग उडालाय, झाकणावर चरा पडलाय, मनगट टेकतं तिथे चट्टे पडलेत. ‘आता हा कुठे न्यायची लाज वाटते,’ असं म्हणतात आणि विकायला काढतात. म्हणून आज या वरच्या कातडीबद्दल बोलणार आहे. काम अगदी बारीक आहे, खर्च घरच्या एका जेवणावळीइतकाही नाही, पण त्यात समजून घेण्यासारखं पुष्कळ आहे. आणि एखाद्या वेळी ते समजलं नाही म्हणून चांगलं यंत्र भंगारात जातं, तेही मी पाहिलेलं आहे.

रंगाची बाटली उघडण्याआधी एक गोष्ट करा. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून कडेने बघा. एखादा कोपरा अधांतरी आहे का? टचपॅड फुगून वर आलाय का? झाकण मिटल्यावर मध्ये फट राहते का? तसं असेल तर बाहेरच्या चऱ्याचा विचारही सोडून द्या, कारण आतली बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी. अशा लॅपटॉपवर दाब देऊन घासणं धोक्याचं. चार्जर काढायचा, यंत्र बंद ठेवायचं आणि बॅटरी बदलून घ्यायची. झाकण बसत नाही म्हणून त्यावर रात्रभर पुस्तकांचा गठ्ठा ठेवणारे लोक मला भेटलेले आहेत. तसलं काही करू नका.

तडा असेल तरीही रंगाचं काम नाही. झाकण जिथे उघडतं त्या बिजागरीच्या आसपास भेग दिसली, तर ती भेग वरून पडलेली नसते, आतून आलेली असते. बिजागरी कडक होते. ती ज्या पितळी चकत्यांमध्ये स्क्रूने बसवलेली असते, त्या चकत्या प्लास्टिकमधून उपटून येतात, आणि झाकण उघडताना दर वेळी प्लास्टिक थोडं थोडं फाटतं. त्यावर रंग लावणं म्हणजे गळक्या छताला आतून चुना फासण्यासारखं. झटपट चिकटणारा गोंदही तिथे ओतू नका. तो बिजागरीत उतरतो, ठिसूळ असल्यामुळे आठवड्यात पुन्हा सुटतो, आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरट डाग पडतात ते वेगळेच. हे काम लॅपटॉप उघडून, चकत्या एपॉक्सीने पुन्हा बसवून आणि बिजागरी थोडी सैल करून करावं लागतं. तेवढं दुकानात करून घ्या.

पोचाही सोडून द्या. झाकणाच्या पत्र्यामागे दोन-चार मिलिमीटरवर काच आहे. आमच्याकडे एक गृहस्थ लाकडी हातोडी घेऊनच आले होते, ‘फक्त एक टोला द्या’ म्हणत. आम्ही त्यांना चहा दिला.

उरले ओरखडा आणि टवका. या दोघांतला फरक नखाने कळतो. खुणेवरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर इजा वरवरची आहे. अडकलं तर रंगाचा थर कापला गेलाय. लॅपटॉपवरचा रंग असतो तरी किती? माणसाच्या केसाच्या जाडीइतका, बहुतेक वेळा त्याहूनही पातळ. त्यामुळे बांगडी, घड्याळाचा पट्टा, दप्तरातल्या किल्ल्या, कंपास यांना तो पार करायला फार कष्ट पडत नाहीत.

वरवरचा ओरखडा पांढरा का दिसतो, हा प्रश्न मला एका सातवीतल्या मुलाने विचारला होता. प्लास्टिक काळं, मग चरा पांढरा कसा? चांगला प्रश्न आहे. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परत येतो. ओरखड्याच्या कडा मात्र खडबडीत असतात, तिथे प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरेपणा दिसतो. कोरडी फरशी फिकट दिसते आणि पावसात भिजली की गडद होते, त्यातलाच हा प्रकार. पाणी खाचा भरतं, विखुरणं कमी होतं. म्हणूनच खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की ओरखडा ‘गायब’ होतो आणि दुसऱ्या दिवशी धूळ घेऊन परत येतो. तेल लावून जुने लॅपटॉप विकणारेही असतात. विकत घेताना कोरड्या सुती कापडाने झाकण एकदा पुसून बघायला संकोच करू नका.

टूथपेस्टचा उपाय तर घरोघरी माहीत आहे. टूथपेस्टमध्ये बारीक कुरुंदासारखं काम करणारी पूड असते, ती खरोखरच घासते. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर तिचा थोडा उपयोग होतोही, पण त्यासाठी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळणारं बारीक रबिंग कंपाउंड कितीतरी चांगलं. मऊ कापडावर ज्वारीच्या दाण्याएवढं घेऊन हलक्या हाताने फिरवायचं. मॅट म्हणजे खरखरीत झाकणावर मात्र दोन्ही वर्ज्य. तिथे ओरखडा जात नाही, उलट भोवती एक तुळतुळीत डाग तयार होतो आणि तो कशानेच भरून येत नाही. आणि पडद्यावर तर यातलं काहीच नको. त्याच्या वरच्या पातळ लेपाचं एकदा नुकसान झालं की ते कायमचं.

आता टवक्याकडे येऊ. इथे खालचं अंग काय आहे ते ओळखल्याशिवाय हात लावायचा नाही. उडालेल्या जागी खाली काळं किंवा राखाडी, निर्जीव दिसलं आणि हाताला फारसं गार लागलं नाही, तर प्लास्टिक. खात्री करायची असेल तर खालचं झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला प्लास्टिकचं नाव बारीक अक्षरांत उठवलेलं असतं, बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांचं मिश्रण. खाली लखलखीत चांदीसारखं दिसलं आणि गार लागलं तर अ‍ॅल्युमिनियम. मळकट करडा धातू दिसला आणि यंत्र त्याच्या आकाराच्या मानाने हलकं असेल, तर बहुधा मॅग्नेशियमचा मिश्रधातू. लोहचुंबक घेऊन परीक्षा करू नका, यातल्या कशालाच तो चिकटत नाही.

अ‍ॅल्युमिनियमबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण तिथे एक मोठा गैरसमज आहे. या लॅपटॉपवरचा करडा, सोनेरी, निळसर रंग हा बहुधा रंग नसतोच. विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियमच्याच पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा थर वाढवतात, त्या थराला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांत रंगद्रव्य मुरवतात आणि छिद्रं बंद करतात. याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, पण अतिशय कठीण. माणिक आणि नीलम ज्या द्रव्याचे असतात त्याच कुळातला. तो खपली धरून उडत नाही. पण कडेला जोरात आपटला किंवा चार्जरची धातूची टोपी रोज तिथेच घासली, की आतला चांदीसारखा धातू उघडा पडतो. गडद रंगावर ते फार उठून दिसतं.

याचा इतिहासही मजेदार आहे. जानेवारी २००१ मध्ये अ‍ॅपलने टायटॅनियमचं पॉवरबुक आणलं. टायटॅनियम म्हणजे विमानं आणि अवकाशयानं यांचा धातू, तेव्हा लोकांना वाटलं आता हे यंत्र पिढ्यान्‌पिढ्या टिकणार. झालं भलतंच. धातू टिकला, पण कडांवर दिलेला रंग मनगट टेकून आणि पिशवीत घासून टवके टवके होऊन उडू लागला, आणि चारचौघांत मिरवायच्या यंत्राला आठवडाबाजारातल्या पत्र्याच्या ट्रंकेची कळा आली. मग लोक घरी बसून बारीक कुंचल्याने त्याच्या कडा रंगवू लागले. २००३ मध्ये त्याची जागा अ‍ॅनोडाइज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमने घेतली, आणि तेव्हापासून धातूच्या लॅपटॉपांची ती वाट पडली.

तर असल्या अ‍ॅल्युमिनियमवर टवका उडाला तर काय करायचं? माझं मत विचाराल तर काहीच नाही. उघडं अ‍ॅल्युमिनियम हवेत आपोआप स्वतःवर पातळ थर धरतं, गंजून पोखरत नाही. फक्त मनगटाच्या जागी घामाने बारीक खड्डे पडू शकतात, म्हणून काम झाल्यावर ती जागा पुसून ठेवावी. चांदीसारखा ठिपका डोळ्यांना फारच खुपत असेल तर जुळत्या रंगाचा एक थेंब टाचणीच्या टोकाने ठेवा, पण तो वरवर बसलेला असतो, पुन्हा निघणार हे गृहीत धरा.

मॅग्नेशियमचं असं नाही. इथे आम्हा समुद्रकाठच्या लोकांचा खरा प्रश्न सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी मिरकरवाड्यातून एक मुलगी आली होती. पॉलिटेक्निकचं पहिलं वर्ष. वडील बोटीवर. पुण्याहून कुणाकडून तरी जुना, ऑफिसात वापरलेला लॅपटॉप घेतला होता, मजबूत बांध्याचा. घेतला तेव्हा खालच्या दोन कोपऱ्यांचा रंग उडालेला होता, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. एका पावसाळ्यानंतर तिथे पांढरी पूड धरायला लागली. पुसली की पुन्हा यायची, आणि भोवतालचा रंग फुगून सुटायचा. एका दुकानात तिला सांगितलं होतं, ‘बॉडी गेली याची. दुसरा घ्या.’ दुसरा घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. ती मला म्हणाली, ‘काका, तीन वर्षं चालवायचाय हा. चालेल का नाही तेवढं सांगा, नाहीतर वर्गातल्या मैत्रिणीबरोबर मशीन वाटून घेईन.’

ती पूड म्हणजे मॅग्नेशियमची झीज. खारी, दमट हवा उघड्या मॅग्नेशियमला लागली की ते हळूहळू खाल्लं जातं, आणि रंगाच्या खालून आडवं पसरत जातं. आतल्या मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. पण तसंच सोडलं असतं तर त्याच कोपऱ्यातली स्क्रूची जागा सैल झाली असती, आणि मग खरंच ‘बॉडी गेली’ असती. म्हणजे इथे टवका बुजवणं हा शोभेचा भाग नव्हता. मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यातही, खिडकीतून समुद्राचा वारा घेणाऱ्या घरांत हे लक्षात ठेवायला हवं.

आम्ही काय केलं ते सांगतो. बॅटरी काढली. दातकोरणीच्या लाकडी टोकाने सगळी पूड आणि सुटलेला रंग, पक्का रंग लागेपर्यंत, खरवडून काढला. इथे जोर करून घासायचं नाही. मॅग्नेशियमची बारीक भुकटी पेट घेते, शोभेच्या दारूत ती त्याच गुणासाठी घालतात; अखंड कवच काही पेटत नाही, पण पॉलिश पेपरने खसाखसा घासून कोरडी भुकटी उडवायची काही गरज नाही. मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन जागा पुसली आणि टेबल लँपखाली तासभर वाळू दिली. माझ्या दुकानाशेजारी रिक्षा रंगवणारे एक पेंटरकाका आहेत. त्यांच्याकडून एपॉक्सी प्रायमर आणला, दोन भागांचा, मिसळल्यावर ठरावीक वेळात वापरावा लागणारा. एका बाटलीच्या झाकणात मावेल एवढाच. त्याचा पातळ हात दिला, दुसऱ्या दिवशी दुसरा. त्यावर काळा रंग. पेंटरकाका म्हणाले, ‘समुद्राच्या वाऱ्यात रंग टिकतो तो अस्तरावर. वरचा रंग काय, बघायचा.’ चाळीस वर्षं पत्रा रंगवलेल्या माणसाचं हे म्हणणं मी तेव्हापासून सगळ्यांना ऐकवतो.

मुलीने तीन वर्षं त्यावर काढली. मधे एकदा उजवा कोपरा पुन्हा उडाला, तो तिने स्वतःच बुजवला. कसा बुजवायचा हे तिने उभं राहून पाहिलेलं होतं.

प्लास्टिकवरचा टवका हा सगळ्यांत जास्त घरांत असणारा, आणि घरच्या घरी करता येण्यासारखा. त्याची रीत अशी. यंत्र बंद, चार्जर बाजूला, भोकं आणि जाळ्या कागदी चिकटपट्टीने बंद. भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात कापड बुडवून घट्ट पिळा आणि हाताचं तेल पुसून काढा. पाणी थेट यंत्रावर कधीही शिंपडायचं नाही. नंतर अल्कोहोलची काडी. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन किंवा रंगाचा थिनर मात्र दूर ठेवा. एबीएस प्लास्टिक अ‍ॅसिटोनमध्ये चक्क विरघळतं आणि पॉलिकार्बोनेट पांढरं पडून तडकतं. २०२० साली करोनाच्या भीतीने लोकांनी लॅपटॉप सॅनिटायझरने धुतले, तेव्हा कितीतरी कीबोर्डांवरची अक्षरं गेली होती. अल्कोहोलही जपूनच, काडीवर, जागेपुरतं.

टवक्याची कड सहसा उभी, पायरीसारखी असते. ती तशीच ठेवून रंग भरला तर कितीही सफाई केली तरी रेघ दिसते. म्हणून हजार किंवा पंधराशे नंबरचा वॉटर पेपर नखाएवढा कापायचा, किंचित ओला करायचा आणि कडेवरून दहा-बारा वेळा हलकेच फिरवायचा. पायरीचा उतार झाला की थांबायचं. उतार बोटाला कळतो, डोळ्यांनी शोधू नका.

मग रंग जुळवणं. अर्धा वेळ यात जातो, जाऊ द्या. लॅपटॉपचा काळा हा काळा नसतोच. त्यात राखाडी असतो, कधी तपकिरी झाक असते. चित्रकलेच्या दुकानात मिळणारे पाण्यात कालवायचे अ‍ॅक्रिलिक रंग प्लास्टिकला बाधत नाहीत आणि चुकलं तर ओल्या काडीने पुसता येतात, म्हणून नवख्यांनी तेच घ्यावेत. काळ्यात पांढऱ्याचा कण, तपकिरीचा कण असं करत जुळवा आणि जुन्या एटीएम कार्डाच्या पाठीवर ठिपका देऊन वाळू द्या, कारण ओला आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. तुलना दिवसा, खिडकीपाशी करा. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला रंग उन्हात वेगळाच निघतो. साडीवर ब्लाउजपीस घेताना दुकानाच्या पायरीवर येऊन बघणाऱ्या बायकांना हे शास्त्र कधीपासून ठाऊक आहे.

चंदेरी लॅपटॉप असेल तर गाड्यांच्या टच-अप बाटलीचा विचार करावा लागतो. त्यात धातूसारखे चमकणारे बारीक पापुद्रे असतात, म्हणून बाटली भरपूर हलवायची. तरीही कुंचल्याने लावलेला चंदेरी आणि कारखान्यात फवारलेला चंदेरी कधीच हुबेहूब जुळत नाही, पापुद्रे वेगळ्या तऱ्हेने पहुडतात. हातभर अंतरावरून दिसला नाही म्हणजे काम झालं. या रंगातलं द्रावण प्लास्टिकला लागतं, तेव्हा थेंब अगदी लहान हवा आणि आधी न दिसणाऱ्या जागी करून बघायला हवं. नेलपॉलिशचंही तेच, रंगांची विविधता मोठी, पण फार टिकत नाही.

लावायचं कुंचल्याने नाही, दातकोरणीने. टोकावर थेंब घ्या, टवक्याच्या मध्यभागी टेकवा आणि रंगाला आपणहून कडेपर्यंत जाऊ द्या. खड्डा एका दमात भरायचा मोह होतो. जाड थेंबाची वरून साय धरते, आतला ओलावा अडकतो आणि दोन दिवसांनी तिथे सुरकुती किंवा खळगा दिसतो. पातळ तीन-चार हात द्या, प्रत्येकामध्ये किमान तासभर. मॅट झाकण असेल तर शेवटचा हात स्पंजच्या बारीक तुकड्याने टिपून द्या, म्हणजे चकाकी राहत नाही. वर पारदर्शक वॉर्निशचा हात, तोही मॅटवर मॅट आणि चकचकीतवर चकचकीत. आठवडाभर पक्कं होऊ दिल्यावर दोन हजार नंबरच्या कागदाने उंचवटा उतरवायचा. आठवडा म्हणजे आठवडा. चौथ्या दिवशी घासायला घेतलेली कामं माझ्याकडे दुरुस्तीची दुरुस्ती करायला येतात.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हे काम मी टाळतो. वॉर्निशमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग थंड करतं, दमट हवेतली वाफ तिथे जमते आणि पारदर्शक थर दुधासारखा पांढरा होतो. पेंटर लोक त्याला ‘रंग धुरकटला’ म्हणतात. अगदीच निकड असेल तर खोलीत तास-दोन तास पंखा आणि दिवा लावून, पाऊस उघडलेला बघून करायचं. लातूर-सोलापूरकडच्या श्रोत्यांना हा त्रास नाही. त्यांना धुळीचा आहे. रंग ओला असताना वर एखादा डबा उपडा घालून ठेवावा.

स्प्रेच्या डब्याने घरी लॅपटॉप रंगवू नका. फवारा जाळीतून आत जातो, पंख्यावर बसतो. आणि धातूच्या झाकणावर जी प्लास्टिकची पट्टी असते तिच्यावर चमकत्या धातूच्या पापुद्र्याचे स्टिकर लावू नका; वायफायचा अँटेना त्या पट्टीतून बाहेर बघत असतो. साधे विनाइलचे स्टिकर चालतील. किंबहुना झाकणभर चरे असतील तर रंगापेक्षा स्टिकर शहाणपणाचा. फक्त मॅग्नेशियमच्या टवक्यावर तो नुसता चिकटवून झाकू नका, ओल खाली कोंडते.

रबरासारखं मऊ लागणारं आवरण हा आणखी एक प्रकार. हाताला छान लागतं, पण कोकणासारख्या हवेत काही वर्षांनी ते चिकट होतं, गुळाच्या ढेपेसारखं. लोकांना वाटतं काहीतरी सांडलंय. हवेतल्या दमटपणाने ते आवरण विघटित होत असतं. त्यावर कुठलाही रंग धरत नाही. अल्कोहोल आणि जुनं बनियन घेऊन, थोड्या थोड्या भागावर काम करत ते सगळंच काढून टाकायचं. दोन तास लागतात, कंटाळवाणं काम आहे, वर छापलेली नावंही जातात. पण खालून बहुतेक वेळा नीटस, कडक प्लास्टिक निघतं, आणि ते चिकट होत नाही.

दोन ठिकाणी मात्र हात आवरा. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर टवका बुजवायच्या आधी विचारा. परत करताना मूळ टवक्याबद्दल कुणी बोलत नाही, जुळवलेल्या रंगाबद्दल मात्र स्पष्टीकरण द्यावं लागतं. आणि विकायला काढला असेल तर बुजवा जरूर, पण घेणाऱ्याला जागा दाखवा. घेणाऱ्यानेही बिजागरीच्या कोपऱ्याजवळ ताजा रंग दिसला तर झाकण दहा वेळा सावकाश उघडून-मिटून बघावं, आणि करकर ऐकू आली तर किमतीचं बोलणं थांबवावं. लॅपटॉपमुळे होणाऱ्या एकूण प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो, असं अभ्यासक सांगतात; तेव्हा जुना लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती जाऊन आणखी चार वर्षं चालला तर चांगलंच. पण तो चालणारा हवा, रंगवलेला नव्हे.

जुळवलेला रंग उरतो, तो फेकू नका. औषधाच्या लहान रिकाम्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, बाटलीवर यंत्राचं नाव आणि कोणते रंग किती थेंब घातले ते लिहून ठेवा. पुढचा टवका बहुधा त्याच कोपऱ्याचा उडतो.